भाता मारणारा हात

७ जानेवारी

“डाव्या हाताला काही शिकवायचं नसतं, त्याने फक्त श्वास द्यायचा.” मी दुसरी-तिसरीत असताना बाबा हे म्हणाले होते. ते पेटीसमोर बसले होते, उजवा हात पट्ट्यांवर, डावा मागे भात्यावर. मी शेजारी बसून माझे दोन्ही हात पट्ट्यांवर ठेवायला गेले, तर त्यांनी माझा डावा हात अलगद उचलला आणि भात्यावर नेऊन ठेवला. रागावून नाही. एखादी वस्तू तिच्या जागेवर ठेवावी, तसा.

आज तोच हात पट्ट्यांवर ठेवला. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी.

कीबोर्ड घेतला. काचेआडच्या महागड्या पियानोंच्या रांगेत तो नव्हताच, जिन्याखाली ठेवला होता, खोक्याचा एक कोपरा चेपला होता म्हणून आणखी स्वस्तात. पाच सप्तकं, वजन बाळाएवढं. बसमध्ये मांडीवर आडवा धरून आणला. शेजारच्या बाईंच्या गुडघ्याला कोपरा टोचत होता, पण आत काय आहे कळल्यावर त्यांनी स्वतःच एक टोक धरलं.

घरी आल्यावर नवऱ्याने आधी तो उलटा करून स्क्रू पाहिले. हा लिफ्ट दुरुस्त करतो. कुठलीही वस्तू आधी पाठीकडून बघायची, ही त्याची सवय. “भाता कुठंय?” म्हणाला. नाहीये म्हटल्यावर म्हणाला, “मग तर दोन्ही हातांनी वाजवणं म्हणजे तुझ्या डाव्या हाताचा मळ.” बुटकीने लगेच त्यातले सगळे आवाज वाजवून पाहिले, बासरीपासून हेलिकॉप्टरपर्यंत. बुटकी म्हणजे आमची लेक. आता माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे, पण नाव पडलं ते पडलं.

जेवणाच्या टेबलाच्या खिडकीकडच्या टोकाला त्याची जागा केली. ही वही पुन्हा उघडली ती एवढंच लिहून ठेवायला: बाबांची संध्याकाळची धून मी दोन्ही हातांनी बसवणार आहे. ती त्यांनी स्वतः बांधलेली, तिला नाव नाही. ते ती फक्त उजव्या हाताने वाजवतात, तिच्याखाली कॉर्ड, म्हणजे एकदम दाबलेले तीन स्वर, घातलेल्या त्यांनी कधी ऐकल्या नाहीत. दादाकडून ते एप्रिलमध्ये आमच्याकडे येतील. तोवर.

१२ जानेवारी

डावा हात म्हणजे पहिल्यांदाच शाळेत सोडलेलं पोर. उजवा वाजवायला लागला की हा त्याच्याच मागे पळतो. कॉर्डसाठी तीन बोटं एकदम खाली जायला हवीत: सा, ग, प. माझी जातात ती एकामागून एक, दारातून पाहुणे आत यावेत तशी. करंगळी तर उंबऱ्यातच उभी राहते.

दुकानात मालकीणबाईंना सांगितलं. मी चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा बसवते. डाव्या हाताच्या चिमटीत फ्रेम धरायची, उजव्याने स्क्रू आवळायचा. बाई म्हणाल्या, “मग डाव्याला काम नवीन कुठंय? दिवसभर चिमटीत धरतोच की.” धरणं वेगळं आणि बोलणं वेगळं, असं मी म्हटलं, आणि माझंच वाक्य मला फार आवडलं.

बाबांना फोन केला. कीबोर्ड घेतल्याचं सांगितलं, धुनेचं नाही. त्यांनी आधी किंमत विचारली. मग म्हणाले, “विजेवरचं खेळणं. भाता नाही तर त्याला दम कुठून येणार?”

२६ जानेवारी

धुनेची पहिली ओळ दोन्ही हातांनी वाजली. आधी मला कळलंच नाही. वाजवून संपल्यावर घरात शांत झालं, आणि आतल्या खोलीतून बुटकी म्हणाली, “आई, हे गाण्यासारखं वाटलं.” याहून मोठं बक्षीस मला नको.

मी कधी कुणापुढे वाजवलेलं नाही. आमच्या घरात बाबा वाजवायचे, काका वाजवायचे, पुढे दादा. मी भाता मारायला. काकांचा उजवा हात थकला, की ते मला मागे बसवून भाता मारायला लावायचे आणि स्वतः दोन्ही हातांची बोटं पट्ट्यांवर फिरवायचे. बाबांना ते आवडायचं नाही. म्हणायचे, “हा सर्कस करतो.” मला मात्र ती सर्कस अजून ऐकू येते.

हात मांडीवर निवांत ठेवला, की हल्ली अंगठ्याजवळच्या मांसल भागात फडफड होते. कातडीखाली पाखरू असावं तशी. नवऱ्याला दाखवली. तो म्हणाला, “व्हायब्रेशनवर ठेवलायस का?” दोघं हसलो. मला वाटतं, हात जागा होतोय. इतकी वर्षं झोपलेला, त्याला थोडा वेळ लागणारच.

९ फेब्रुवारी

कीबोर्डात दोष आहे. डावीकडच्या पट्ट्या जड लागतात.

यात टच नावाची सोय आहे. जोरात दाबलं की मोठा आवाज, हलकं दाबलं की लहान. उजवीकडे स्वर नीट येतात, डावीकडचे मात्र दूर कुणाच्या तरी घरात वाजावेत तसे. गेल्या महिन्यात असं नव्हतं. नवऱ्याने रविवारी टेबलावर चादर पसरून कीबोर्ड उघडला, पट्ट्यांखालचे रबर पुसले, एकेक दाबून पाहिली. म्हणाला, “माझ्या लिफ्टची बटणं इतकी चांगली असती, तर मी घरी बसून पगार घेतला असता.” बुटकीने डावीकडच्या कॉर्ड वाजवून दाखवल्या. खणखणीत वाजल्या.

माझ्या हाताला जोर नाही, एवढाच याचा अर्थ. तिघांचंही त्यावर एकमत झालं. भाता मारणारा हात तो, त्याला ढकलायची सवय, बोटाने दाबायची नाही. मी टच बंद करून टाकला. आता कसंही दाबा, आवाज सारखाच.

आज दुकानात एक काच हातातून सुटली. खाली रबरी चटई असते म्हणून वाचली.

२२ फेब्रुवारी

कीबोर्ड काखेत घेऊन, जिथे तो घेतला त्या दुकानात गेले. माझं म्हणणं, पीस बदलून द्या. दुकानदार भला माणूस. त्याने शेजारी तसाच दुसरा काढून ठेवला आणि म्हणाला, दोन्हींवर वाजवून बघा. दोन्हींवर माझा डावा हात सारखाच वाजला. म्हणजे वाजला नाही. मी म्हटलं, कंपनीच तशी दिसते. त्याने वाद घातला नाही.

उलट त्याने एक नवी गोष्ट दाखवली. एक बटण दाबलं, की डाव्या बाजूला एकाच बोटाने एकच पट्टी दाबायची आणि कीबोर्ड स्वतः अख्खी कॉर्ड ठेक्यासकट वाजवतो. “नव्याने शिकणारे सगळे हेच वापरतात,” म्हणाला. मला जरा लाज वाटली. महिन्याभरापूर्वी मी तीन बोटांनी वाजवत होते, आता एका बोटाने शिकणार. पण धून पुरी होईल. एप्रिल काही थांबणार नाही.

बाबांना फोनवर सांगितलं, डावा हात ऐकत नाही. त्यांना वाटलं, मी कुरकुर करतेय. म्हणाले, “मग सोड तो हट्ट.” मग का कोण जाणे, काकांचा विषय मीच काढला. म्हटलं, काका बरे दोन्ही हातांनी वाजवायचे. बाबा म्हणाले, “त्याचं काय झालं शेवटी?” आणि दादाला हाक मारून फोन त्याच्याकडे दिला.

काकांचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. ते रुसले. मी दहा-अकरा वर्षांची असेन. एक दिवस त्यांनी पेटी वाजवणं सोडलं आणि खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसले. बाबांशी काहीतरी वाजलं असणार, असं घरात म्हणत. आधी वाजवणं सोडलं, मग फिरणं, मग बोलणंही. मांडीवर दोन्ही हात उताणे टाकून बसलेले असायचे. आजी कपाने चहा पाजायची आणि आम्ही मुलं हसायचो, की एवढा मोठा बाप्या किती लाडावलाय. रुसवा धरायचा तरी किती, काका त्याच रुसव्यात गेले म्हणतात. आमच्या घरात अजूनही कुणी तोंड फुगवलं, की “काका होऊ नकोस” असंच म्हणतात.

७ मार्च

एका बोटाची पद्धत जमली. धून तीन-चतुर्थांश बसली आहे. तर्जनी दमली, की मधलं बोट वापरते. दोन्ही दमली, की मूठ करून मुठीची कड टेकवते. पट्टीला काय कळतंय.

हात सडपातळ झालाय. अंगठा आणि तर्जनी यांच्या मधली जागा पूर्वी गुबगुबीत होती, तिथे आता छान खळगी पडलीय. मालकीणबाईंना कौतुकाने दाखवली, रियाजाने हात कसा बदलतो ते. बाईंनी स्वतःचा हात माझ्या हाताशेजारी ठेवून पाहिला. मग माझा उजवाही मागितला. म्हणाल्या, “रियाज उजव्याचाही होतोच ना?”

त्यानंतर त्यांनी मला मागच्या खोलीतून काउंटरवर आणलं. फ्रेम दाखवायच्या, गिऱ्हाइकाला आरसा धरायचा. म्हणाल्या, तुझं बोलणं गोड आहे, पुढे बस. या आठवड्यात माझ्या हातून दोन काचा गेल्या, त्याबद्दल काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

वाळत घातलेल्या कपड्यांचे चिमटे डाव्या हाताने उघडत नाहीत. नवऱ्याच्या शर्टाची बटणं लावायचा हट्ट मी कधी धरला नव्हता, परवा धरला आणि वरच्याच बटणावर अडकले. तो म्हणाला, “राहू दे, मला ऑफिसला आजच जायचंय.” हसलो. पण त्याने मग कीबोर्डकडे असं पाहिलं, जसं माझ्या एखाद्या वाईट मैत्रिणीकडे पाहावं. म्हणाला, हे सगळं याच्यामुळे. हाताचं पार वाटोळं केलंस.

११ मार्च

कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. त्यांनी विचारलं, दुखतं का? नाही. मुंग्या येतात? नाही. बधिरपणा? अजिबात नाही, सुई टोचली तरी कळतं. मी अगदी उत्साहाने सांगत होते, कारण ही सगळी चांगलीच उत्तरं होती. त्यांचा चेहरा मात्र प्रत्येक नकारागणिक उतरत गेला. जणू मी दुखतंय म्हटलं असतं, तर त्यांना आनंद झाला असता.

मला हात पुढे धरायला सांगून त्या बराच वेळ नुसत्या त्या फडफडीकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, मानेत नस दबलेली असू शकते. वाजवणं बंद ठेवा, गोळ्या घ्या, महिनाभराने या. आणि दाराशी आल्यावर, “महिनाभर नको, लवकरच या.”

डॉक्टर लोकांना वेळेचा अंदाज नसतो.

२५ मार्च

कीबोर्डवर चादर घातलीय. घरात कुणीतरी आजारी पडून झोपलंय असं वाटतं.

विश्रांतीने हात भरून यायला हवा होता. तो आणखी हलका झाला. म्हणजे वाजवणं बंद केल्याचाच तोटा झाला, असा मी निष्कर्ष काढला आहे. नवऱ्याला तो पटलेला नाही. आम्ही यावर मनसोक्त भांडलो. तो म्हणाला, तू वकील व्हायला हवं होतंस, गुन्हेगारच साक्षीदार म्हणून उभा करतेस. मी म्हटलं, तुझ्या लिफ्ट बंद ठेवून दुरुस्त होतात का?

चादर काढली. सगळी धून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवली. उजव्या हाताने सुंदर वाजली. डावा हात कसा वाजला, ते लिहीत नाही.

४ एप्रिल

बाबा काल आले. दादा सोडून गेला. बारीक झालेत, पण जिना मध्ये न थांबता चढले. मीच दुसऱ्या मजल्यावर जरा टेकले, त्यांची पिशवी जड होती म्हणून.

आज दुपारी चहा झाल्यावर त्यांना खिडकीजवळ बसवलं. बुटकीने आवाज बेताचा ठेवला. मी म्हटलं, एक ऐकवायचंय. आणि सुरू केलं.

पहिल्याच स्वरांना त्यांनी धून ओळखली, मान हलली. मला इतका आनंद झाला, की उजव्या हाताचा एक स्वर चुकला. पुढे कॉर्ड आल्या. एका बोटाच्याच, पण कॉर्ड त्या कॉर्डच. मी मधेच त्यांच्याकडे पाहिलं, तर ते ऐकतच नव्हते. म्हणजे चेहऱ्यावर ऐकणं नव्हतं. ते माझ्या हाताकडे बघत होते.

“बंद कर,” म्हणाले.

मी म्हटलं, अजून शेवट आहे.

“बंद कर म्हटलं ना ते.”

मी हात काढले. कीबोर्डचा ठेका तसाच वाजत राहिला, तो बुटकीने बंद केला. बाबा उठून माझ्याजवळ आले. माझा डावा हात त्यांनी उचलला, अगदी तेव्हा उचलला होता तसा, आणि त्या खळगीत अंगठा दाबून पाहिला. स्वतःचं बोट माझ्या तर्जनीखाली धरून म्हणाले, “दाब.” मी दाबलं. “दाब की.” मी म्हटलं, दाबतेच आहे बाबा.

“कधीपासून?”

“जानेवारीपासून शिकतेय.”

“ते नाही विचारलं मी.”

हात त्यांनी परत माझ्या मांडीवर ठेवला आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. मी मागे गेले. म्हटलं, एवढं वाईट होतं का? ते रस्त्याकडे बघत होते. म्हणाले, “त्या डब्याला मी जन्मात हात लावणार नाही.” मी विचारलंच नव्हतं त्यांना हात लावायला.

मी स्वयंपाकघरात येऊन रडले. तीन महिने मी या एका दुपारसाठी घालवले होते. बुटकी मागून येऊन म्हणाली, “आई, आजोबापण रडतायत.” त्यांना माझ्यासारखंच, आपलंच खरं करायचं असतं, आणि मग वाईट वाटतं. स्वभाव.

६ एप्रिल

बाबा आठवडाभर राहणार होते, आजच गेले. निघताना नवऱ्याला म्हणाले, जरा खाली सोडायला ये. हा पिशवी घेऊन गेला तो बराच वेळ आला नाही. या दोघांचं बोलणं इतक्या वर्षांत उकाडा आणि पाणी यापलीकडे गेलेलं नाही.

परत आला तेव्हा मी विचारलं, काय एवढं? “काही नाही,” म्हणाला, “काकांच्या जुन्या गोष्टी सांगत होते.” काकांच्या? रस्त्यात उभं राहून?

१५ एप्रिल

नवरा हल्ली माझ्याशी भांडत नाही.

कीबोर्डवर चादर नाही, त्याबद्दल काही बोलत नाही. उलट परवा त्याच्यासाठी स्टँड घेऊन आला, उंची कमी-जास्त करता येते असा. म्हणाला, “खुर्चीत बसूनही वाजवता येईल, पुढेमागे.” मी म्हटलं, मी आताही खुर्चीतच बसते. तो स्टँडचा स्क्रू आवळत राहिला.

मी चहात साखर घालायला विसरले, तरी प्यायला. मी मुद्दाम त्याच्या आईच्या भाच्याबद्दल वाकडं बोलून पाहिलं. एरवी ते भांडण दोन दिवस पुरलं असतं. “असेल,” म्हणाला. भांडण नसलेलं घर इतकं मोठं वाटतं, मला माहीत नव्हतं.

बाबांचा रोज फोन येतो, त्याला. तो गॅलरीत जाऊन दार ओढून घेतो. काचेतून मला फक्त त्याची पाठ दिसते, आणि ती पाठ होकार देत असते.

मोठ्या डॉक्टरांची वेळ त्यानेच घेतली. हात कामावर जायला हवा, म्हणाला. मलाही तेच हवंय. काउंटरवर बसून आरसे धरण्याचा मला कंटाळा आलाय. आरसासुद्धा हल्ली बाई टेबलावर टेकवून ठेवायला सांगतात.

३० एप्रिल

मोठ्या डॉक्टरांकडे तपासणी झाली. हातात बारीक सुया घालून त्यांच्या तारा एका यंत्राला जोडतात, आणि स्नायूंचा आवाज ऐकतात. खरोखर ऐकतात. हात अगदी सैल सोडला, तेव्हा शांतता असायला हवी म्हणे. माझा हात शांत नव्हता. रेडिओचं स्टेशन सापडत नसताना जशी खरखर येते, तशी. सगळा जन्म मी कुणी वाजवत असताना मागे बसले, आणि पहिल्यांदा माझा हात स्वतःहून वाजला तो असा.

मग त्यांनी उजव्या हातातही सुया घातल्या. पायातही. मी म्हटलं, तक्रार फक्त डाव्याची आहे. “माहिती आहे,” म्हणाले.

नंतर त्यांनी विचारलं, घरात कुणाला असं काही होतं का? मी म्हटलं, नाही, आमच्या घरात सगळे वाजवणारे, हात सगळ्यांचेच चांगले. नवरा पायांकडे बघत होता. तो म्हणाला, “डॉक्टर, हिच्या वडिलांशी एकदा बोलाल का?” आणि चिठ्ठीवर नंबर लिहून दिला. मला राग आला. मी काय शाळेतली मुलगी आहे? बसमध्ये त्याला म्हटलं, बाबांना पेटीतलं कळतं, त्यांना डॉक्टरीतलं काय विचारायचं? त्याने माझा डावा हात आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला होता. स्टॉप आला तरी सोडला नाही, आम्ही पुढच्या स्टॉपवर उतरलो.

निकाल पुढच्या गुरुवारी. डॉक्टर म्हणाले, कुणाला तरी बरोबर घेऊन या. मी म्हटलं, मी एकटी येऊ शकते, हात फक्त कमजोर आहे, पाय चालतात. ते हसले नाहीत.

२ मे

काका आठवत राहतात. कशाला आठवतात?

त्यांच्या खुर्चीजवळून जाताना ते माझ्याकडे बघायचे. डोळे अगदी नीट, पूर्वीसारखे. रुसलेला माणूस तसा बघत नाही. रुसलेला माणूस नजर चुकवतो. एकदा मी त्यांच्यासमोर बसून पेटीचा भाता मारला होता, नुसताच, त्यांनी वाजवावं म्हणून. त्यांचा हात हलला नाही. मला वाटलं, किती हट्टी. मी कितीतरी वेळ नुसती हवा भरत बसले होते आणि ते माझ्याकडे बघत होते.

आज एवढंच पुरे. पेन उजव्या हातात आहे आणि अक्षर चांगलं येतंय. उजव्या अंगठ्याजवळ दुपारी थोडं फडफडलं. एकदाच.

८ मे

उद्या गुरुवार.

बाबा आज संध्याकाळी येताहेत. दादा आणून सोडणार. उद्या तेही आमच्याबरोबर डॉक्टरांकडे येणार म्हणतात. एवढ्या लांबून, या वयात, एका कागदासाठी. मी नवऱ्याला म्हटलं, गर्दी कशाला? तो म्हणाला, “त्यांना यायचंय गं.” आणि भांडी घासायला लागला. हल्ली भांडी तो घासतो, विसळलेली बुटकी पुसते, आणि मला दोघं नुसतं बसवून ठेवतात. मी खिडकीजवळ बसायचे. कालपासून मी तिथे बसणं टाळतेय.

सकाळी बाबांचा फोन आला, या वेळी मला. आधी चहा झाला का विचारलं. मग म्हणाले, “पेटी घेऊन येऊ का?” त्यांची पेटी कित्येक वर्षांत घराबाहेर पडलेली नाही. मी म्हटलं, इतकं ओझं कशाला? इथे कीबोर्ड आहे की. मला वाटलं, आता चिडतील. “त्या दिवशी मी तुझी धून पुरी ऐकली नाही,” म्हणाले. ती धून त्यांची आहे. माझी का म्हणाले, मी विचारलं नाही.

फोन ठेवल्यावर नव्या स्टँडवर वाजवून पाहिलं. फक्त उजव्या हाताने. ते एका बोटाचं बटण मी बंद केलंय. यंत्राने वाजवलेलं मला नकोय, त्यापेक्षा रिकामं बरं. पण धून फार एकटी वाटते आता. एकदा खालून आधार ऐकला, की मग तो नसलेला ऐकू येतो. डावीकडची अडीच सप्तकं नुसती पडून आहेत. तिथे एक माणूस आरामात बसेल एवढी जागा आहे. बुटकीला सांगितलं असतं तर बसली असती. पण मला बुटकी नकोय.

संध्याकाळी चहा होऊ देईन. मग विचारीन. ते नाही म्हणणार, मला माहीत आहे. त्या डब्याला जन्मात हात लावणार नाही, हे त्यांचे शब्द आहेत, आणि दिलेला शब्द त्यांनी कधी फिरवलेला नाही. शिवाय त्यांचा डावा हातही माझ्यासारखाच, सत्तर वर्षं नुसता भाता मारलेला. लोकांसमोर अडाणी दिसणं त्यांना चालत नाही, घरच्यांसमोर तर नाहीच.

तरी विचारीन. नीट सांगता यावं म्हणून इथे लिहून ठेवतेय.

बाबा, माझ्या डाव्या बाजूला बसाल का? वरचं मी वाजवते. खालचं तुम्ही वाजवा, डाव्याच हाताने. येत नाही म्हणू नका, मी शिकवते. तीनच बोटं लागतात.